बर्फावरच्या दोन सह्या

न्हाई न्हाई, तो फोटो मला दाखवू नका! बघितलाय मी. आख्ख्या तालुक्यानं बघितलाय. तो डोकं खाली पाय वर झालेला माणूस, ज्याच्या एका पायातली फळी आभाळाकडं हाय आन दुसरी कुठं हाय ते देवाला ठाऊक... तो मीच. आश्रुबा. हसा की, हसा! छावणीत बसून दुसरं काम तरी काय, जनावरं रवंथ करत्यात, तुमी हसा. पण हसायच्या आधी इचारा तरी, की आश्रुबा, गावात टँकर तिसऱ्या दिवशी येतोय, म्हशीच्या बरगड्या लांबून दिसायल्यात, आन तू हिमाचलात फळ्या बांधून घसरगुंडी खेळायला गेलतास कावून? आवो, गेलतो कुठला! नेलं मला! आता मला सांगा, माझ्या हातात काय होतं?

तुमाला सांगतो, आमच्या दूध संघाचा अभ्यास दौरा होता. अभ्यास कशाचा? तर थंड मुलखात दूध नासत कसं न्हाई, ह्याचा! आता थंड मुलखात दूध नासत न्हाई कारण तिथं थंडी असती, हे शेंबडं पोरगंबी सांगंल. पण न्हाई! अकरा संचालक आन एक सचिव तिथं जाणार, डोळ्यानं बघणार, मंगच पटणार. आन दूध तरी कुठं ऱ्हायलंय आमच्याकडं नासायला? म्हशीला वैरण न्हाई, ती काय हवा खाऊन दूध देणार हाय?

तर त्या अकरांतला मी एक. बिनविरोध निवडून आलेला. बिनविरोध म्हंजे कसं, की चेअरमन सुंदररावांना वाटलं आश्रुबा आपला हाय, व्हाइस चेअरमन मोहनरावांना वाटलं आश्रुबा आपला हाय, आन मी दोघांनाबी न्हाई म्हणलंच न्हाई. संघात पाच संचालक ह्यांचे, पाच त्यांचे, आन मधे मी. लई वंगाळ जागा हाय ती, देव दुष्मनाला न देवो.

आता खरी गोम ऐका. आमच्या गावाला जनावरांची चारा छावणी मंजूर व्हायची होती. चालवणार गावची दूध सोसायटी, त्याला संघाचं शिफारसपत्र लागतंय, आन त्या पत्रावर चेअरमन आन व्हाइस चेअरमन, दोघांच्या सह्या. दोघांच्या! आन दोघं महिनाभर एका जागी सापडंनात. हे केजला असले की ते आष्टीला. एकाची जीप दारात आली की दुसरा मागच्या दारानं पसार. सोमवारी पाचच्या आत पत्र तहसीलला न्हाई पोचलं तर छावणी न्हाई, असा सांगावा आलेला. मी दौऱ्याला न्हाईच म्हणत होतो, गुडघा दुखतोय माझा. तर आमची ताराबाई म्हणली, "जावा तुमी. रेल्वेत दोघं एका जागी घावत्याल. रेल्वेला मागचं दार नसतं. पण ऐका, सह्या घेतल्याबिगर ह्या उंबऱ्यात पाय ठेवायचा न्हाई. ती म्हस मी माहेराहून आणलीय, तिला मी डोळ्यापुढं मरू देणार न्हाई!" आन पत्र माझ्यापुढं धरलं. घेतलं पत्र, ठेवलं सदऱ्याच्या आतल्या खिशात, निघालो. माझ्या हातात काय होतं?

रेल्वेत चेअरमनसायबाला म्हणलं, सायब, एवढी सही. सायब म्हणले, "आधी मोहनरावाची घे. त्याच्या पोटात काय हाय ते कळू दे." मोहनरावांकडं गेलो. मोहनराव मिशीवरून हात फिरवून म्हणले, "आश्रुबा, अध्यक्षाच्या आधी उपाध्यक्षानं सही करायची? रीत हाय का काही? आधी त्यांची घे." परत ह्यांच्याकडं, परत त्यांच्याकडं... दोन दिवस मी त्या डब्यात येरझाऱ्या घातल्या, माणसं समजली मी चहावाला हाय. एका बाईनं दोन कप मागितले.

असं करत पोचलो त्या बर्फात. बर्फ बघितल्यावर तुमाला सांगतो, पहिल्यांदा काय वाटलं असंल? थंडी? न्हाई. रडू आलं. एवढं पाणी, आन नुसतं पडून! कुणी राखण करीना, कुणी हंडा घेऊन पळंना... आमचा सचिव बबनराव तर उकिडवा बसून बर्फाला हात लावून म्हणला, "आश्रुबा, ह्यातले चार टँकर नेता आले असते रे." अभ्यास म्हणाल तर तेवढाच झाला आमचा.

तिथं एक ठाकूर नावाचा गडी आला. गोरा, चाळिशीतला, पायात लोखंडासारखे बूट. तो आन त्याचा चुलतभाऊ, दोघं बर्फावर घसरायला शिकवत्यात. घसरायचं शिकवत्यात, आन माणसं शिकत्यात! आमच्याकडं चिखलात आपोआप येतंय. तर ठाकूर म्हणला, "साबजी, प्राइवेट लेसन लेंगे या ग्रुप? प्राइवेट में एक टीचर, एक आदमी. जल्दी सीखोगे, मैं हाथ पकड़ के रुकना सिखाऊँगा. ग्रुप में सब साथ में, थोड़ा टाइम लगेगा, मगर मज़ा आएगा. आप तो नए हो, सोच लो."

सोच लो! आमाला म्हणतोय, सोच लो! आवो, आमच्या संघात चहा साधा का स्पेशल ह्यावर तीन बैठका झाल्यात!

चेअरमनसायबांनी टोपी सारखी केली आन म्हणले, "मला खाजगी." कावून खाजगी? मला ठाऊक होतं. पुढल्या महिन्यात निवडणूक, आन धा संचालकांपुढं अध्यक्ष पडला तर मंग ऱ्हायलं काय? पण मोहनराव कसले सोडत्यात! म्हणले, "खाजगी? सहकारातला माणूस, आन खाजगी? सायब, तुमी परवाच्या आमसभेत काय म्हणलात? एकमेका साह्य म्हणलात! आता डोंगर बघितल्यावर एकटेच शिकणार? आमी सगळे सामुदायिक शिकणार, आन तुमीबी आमच्यातच!" त्यांच्या पोटात काय, तर अध्यक्ष सगळ्यांपुढं पडावा, आन बबनरावाच्या मोबाइलात यावा.

झालं. पाच म्हणत्यात खाजगी, पाच म्हणत्यात सामुदायिक. बबनरावानं वही काढली. बर्फावर उभं राहून ठराव! सूचक कोण, अनुमोदक कोण... एक संचालक म्हणला गणपूर्ती बघा, दुसरा म्हणला विषयपत्रिकेवर हा विषयच न्हाई. ठाकूर बिचारा घड्याळ बघतोय, "भाईसाब, दो घंटे का टाइम है, आधा निकल गया." बबनराव त्याला म्हणतोय, "रुको, हमारे में ऐसाच रहता. इतिवृत्त लिखना पडता." ठाकूर म्हणला, "ये क्या होता है?" आता त्याला काय सांगणार, की बाबा, आमच्याकडं माणूस मेला तरी आधी मागल्या सभेचं इतिवृत्त वाचत्यात!

आन पाच विरुद्ध पाच म्हणल्यावर अकरावा कोण? सगळे वळले माझ्याकडं. चेअरमनसायब म्हणले, "आश्रुबा, बोल बे." लई गोड आवाजात. मोहनराव म्हणले, "आश्रुबा, बिनधास्त बोल." त्याहून गोड. माझा हात सदऱ्याच्या खिशावर. खाजगी म्हणलं तर मोहनरावांची सही गेली, सामुदायिक म्हणलं तर सायबाची गेली, आन कशीबी गेली तरी म्हस गेली! मला ताराबाई दिसायली, उंबऱ्यात उभी. तोंड कोरडं पडलं. एवढ्या बर्फात, तोंड कोरडं! आता मला सांगा, माझ्या हातात काय होतं? ठाकूरनं दिलेल्या दोन काठ्या!

मी म्हणलं, "दोन्ही."

"म्हंजे?" सगळे एकदम. म्हणलं, म्हंजे सायबाला खाजगी... आन मोहनरावांनाबी खाजगी, त्यांचा मान काय कमी हाय का... आन आमी उरलेले नऊ जण सामुदायिक! टाळ्या झाल्या की हो! बबनरावानं लिहिलं, सर्वानुमते मंजूर. मोहनरावांनी सहकार तिथंच बर्फात पुरला आन छाती काढून उभे राहिले. मला वाटलं, आश्रुबा, जिंकलास गड्या! सह्या आता दोघंबी हसत हसत करत्यात.

पण मास्तर दोनच होते ना! ठाकूर गेला सायबाबरोबर, चुलतभाऊ गेला मोहनरावांबरोबर, आन आमच्या सामुदायिकाला मास्तरच उरला न्हाई! नऊ माणसं, अठरा फळ्या, आन शिकवायला कुणी न्हाई. ठरावात ही गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली न्हाई, आमच्या ठरावात येतबी न्हाई कधी.

मंग काय, सायबाचे चार जण रांगत रांगत सायबाच्या मागं जाऊन उभे. आपला माणूस एकटा सोडायचा कसा? ठाकूर ओरडतोय, "अरे, ये तो प्राइवेट है!" तर एक जण म्हणला, "हम कुछ नहीं बोलते, सिर्फ पीछे उभे रहते." मोहनरावांचे चार तिकडं. आन वर उतारावर, मधोमध, एकटा मी. खालून डाव्या अंगानं सायब हाक मारत्यात, "आश्रुबा, इकडं ये!" उजव्या अंगानं मोहनराव, "आश्रुबा, इकडं!" मी म्हणलं, आलो. दोघांनाबी म्हणलं, आलो! आन सवयीनं डावा पाय सायबाकडं वळवला, आन उजवा मोहनरावांकडं.

पायात फळ्या हायत हे इसरलो.

आवो, पाय फाकायला लागले! डावा डावीकडं चाललाय, उजवा उजवीकडं चाललाय, गुडघा बोंबलतोय, मी "थांब थांब" म्हणतोय. कुणाला म्हणतोय? पायाला! आन थांबायचं कसं हे कुणाला शिकवलेलं? खाजगीवाल्याला! सामुदायिकात ते अजून यायचं होतं. कसेबसे पाय ओढून जवळ आणले, तर निघालो की सरळ खाली, सुसाट, ढेकळासारखा, आन मला आपल्याकडं ओढायला दोघंबी मधे सरकलेले! सायब म्हणले, "अरे... अरे..." आन त्यांनी माझी काठी धरली. मी मोहनरावांची कॉलर धरली. मोहनरावांनी कुणाला धरलं ठाऊक न्हाई, पण तोच तो फोटो, बबनरावानं काढलेला. बबनरावाला म्हणलं, बे, माणसं पडायलीत अन् तू फोटो काढतोस? म्हणला, "अहवालाला लागतोय."

आता ऐका, आता खरं ऐका. डोळे उघडले तर मी वर, माझ्याखाली एका बाजूला चेअरमन, एका बाजूला व्हाइस चेअरमन. ठाकूर "हिलना मत" म्हणून चुलतभावाला घेऊन मदत आणायला पळालेला. आठ संचालक उभे, पण आधी कुणाला उठवायचं ह्यावर त्यांचं जमंना. आन माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला... महिनाभरात पहिल्यांदा दोघं एका जागी सापडले! मागचं दार न्हाई, जीप न्हाई, पायात फळ्या! मी खिशातून पत्र काढलं.

सायब विव्हळले, "आश्रुबा, आधी उठ, पाय दुखतोय माझा." मी म्हणलं, सायब, आधी सही. माझ्या तोंडून कसं निघालं मलाच कळंना! जन्मात कुणाला असं बोललो न्हाई मी. म्हणलं, गावात दीडशे जनावरं हायत सायब, पाया पडतो, पण उठणार न्हाई. सायबांनी खिशातलं शाईचं पेन काढलं, सायब बॉलपेन वापरत न्हाईत, आन केली सही. मोहनराव म्हणले, मलाबी तेच पेन दे, मी काय कमी हाय का? बर्फात पडल्या पडल्या, दुखऱ्या हातानं, त्यांनीबी केली. दोन्ही सह्या, शेजारीशेजारी! मी पत्राची घडी घातली, आतल्या खिशात ठेवली, आन मंग उठलो. तुमाला सांगतो, त्या टायमाला मी आभाळाएवढा झालतो.

सोमवारी सकाळी थेट तहसील. घरी गेलोच न्हाई, म्हणलं पावती घेऊनच उंबऱ्यात पाय ठेवावा. कारकुनापुढं पत्र उघडलं... आन त्याच्यावर नुसता निळा डाग! माझ्या खिशात बर्फ गेलता, मूठभर. वितळला. एकबी सही दिसंना.

कारकून चष्म्यातून बघून म्हणला, "कागद भिजला कशानं?" म्हणलं, पाण्यानं. "म्हंजे गावात पाणी हाय." म्हणलं, न्हाई हो, बर्फ होता. तो म्हणला, "गावात बर्फ हाय, आन तुमाला छावणी पायजे?" मागचे सगळे हसले. मला हसता येईना, रडताबी येईना. कारकून म्हणला, दुसऱ्या सह्या आणा पाचच्या आत. कुठून आणू? सायबाचा पाय प्लॅस्टरात, ते भेटायचे बंद. मोहनरावांचा हात प्लॅस्टरात, तोच सहीचा. आन दोघांनाबी आता पक्कं ठाऊक, की आश्रुबा दुसऱ्याचा माणूस हाय आन मुद्दाम पाडलं! पाच वाजले. छावणी गेली.

म्हणून तर आलो हितं, नांदूरघाटला, तुमच्या छावणीत, परक्या गावात म्हस घेऊन. सकाळपासून चालत. ताराबाई पुढं, म्हस मधे, मी मागं. चार दिवस झाले, बाई माझ्याशी एक अक्षर बोलली न्हाई. म्हशीशी बोलती. आन दारात तुमचा तो छावणीवाला बंकट उभा, हातात वही, मला इचारतोय, "म्हस कुठं बांधू? एकटी वेगळी, का सगळ्यांत दावणीला?"

आवो, माझं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं! वेगळी म्हणू, का दावणीला म्हणू...

तवा चार दिवसांत पहिल्यांदा ताराबाई बोलली. बंकटला म्हणली, "भाऊ, त्यास्नी नको इचारू. त्यास्नी इचारलं की सगळेच पडत्यात."

आता मला सांगा, माझ्या हातात काय होतं? म्हशीचं दावं तेवढं होतं... तेबी तिनं काढून घेतलं.