सतरा टक्के

नाही नाही, पिसं परत पिशवीत घाला, कळलं मला — कोंबड्या एकमेकींना टोचतायत, अंडी लहान झालीयत आणि खाद्य माझ्या गिरणीतलं आहे. म्हणजे दोष माझा, असंच ना? बसा हो, त्या गोणीवर बसा, खुर्चीचा पाय मोडलाय. अंडी देणाऱ्या कोंबडीला सतरा टक्के प्रोटीन लागतं, गोणीवर सतरा लिहिलंय आणि आतही सतराच आहे — दर खेपेचा नमुना तपासायला पाठवतो मी, हा बघा कागद. दोन वर्षांत एकदाही चुकवलं नाही. का म्हणजे? असंच. आता मला सांगा, गोणीतलं तसंच घालता, की वरून काही मिसळता? मका? किती मका? अर्धा! अहो बाई, अर्धाअर्धा! — हसत नाहीये तुम्हाला, सुटलो म्हणून हसतोय. मक्यात असतं जेमतेम नऊ. सतरात तेवढंच नऊवालं घातलं की उरलं किती? तेरा! आवडीनं खातात, हो, खाणारच, पोट भरतं त्यांचं — पण अंडं कशातून घडवायचं, पीस कशातून? मग शेजारणीचं उपटून खातात. म्हणजे माझी चूक नाहीच. तुमची. सगळी तुमची.

अहो, असं तोंड करू नका. खरंच नका करू. माझी ताई अश्शीच बघायची — थोरली बहीण माझी. भावोजी गेल्यावर दोनशे कोंबड्या घेतल्या तिनं, माझ्या भरवशावर. नुसती दारात उभी राहिली तरी अख्खा कळप पायात यायचा. आणि त्या वर्षी सोयापेंडीची गाडीच आली नाही — प्रोटीन बहुतेक त्या पेंडीतूनच येतं ना — तर मी पेंड निम्मी केली, कोंडा वाढवला. म्हटलं, आठवड्याचा तर प्रश्न आहे. आठवड्याचे दोन महिने झाले. गोणीवर? गोणीवर सतराच! बाकीची गिऱ्हाइकं शहाणी, दुसरीकडे गेली. ही कुठं जाणार, सख्ख्या भावाला सोडून? रोज फोन — "अरे, माझं काय चुकतंय रे?" आणि मी सांगतोय, पाणी बदल, दिवे कमी कर, जागा झाडून घे. सगळं केलं हो तिनं. गुडघे टेकून फरशी घासली. एकदा गेलो तर पाठ सोललेली कोंबडी मांडीवर घेऊन मलम लावत बसलेली. म्हणाली, "माझ्या हातालाच यश नाही बघ." मी समोर उभा, तुम्ही आहात एवढ्या अंतरावर. काय म्हणालो? म्हणालो, "होतं असं, ताई."

महिन्याभरात सगळ्या कापायला देऊन टाकल्या तिनं. आता इस्पितळात चादरी धुते. परवा भेटली तर म्हणते कशी, "तू होतास म्हणून तेवढे दिवस तरी निभावलं."

हे तुम्हाला कशाला सांगत बसलोय मी? मका बंद करा, बस्स. टोचणं थांबेल हळूहळू, पिसांना वेळ लागेल, पण येतील... काय? नाही. नाही सांगितलं. सांगून काय, कोंबड्या परत येणार आहेत?... हो, ते खरं. ते खरं आहे तुमचं, दोष ती अजून स्वतःलाच देतेय. साधं कुंडीत रोप लावायलाही नको म्हणते आता — माझ्या हातचं जगायचं नाही, म्हणते. दोन वर्षं, बाई. कागद तपासून घेतोय नुसते.

सरका जरा, फोन तुमच्या मागं आहे. आत्ता जेवणाची सुट्टी असेल तिची... वाजतोय. तुम्ही निघा. गोणी उद्या न्या, नाहीतर मीच आणून टाकतो, पण आत्ता जा — आणि जाताना दार ओढून घ्या.

ताई? हां, मीच. नाही, कुणाला काही झालं नाही. तू बस आधी कुठंतरी. बसलीस? ताई, त्या खाद्यात —