कासारणीच्या तोंडून निसटलेला शब्द

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. ज्याचा देवावर भरवसा, त्याची छाती भीतीनं धडधडावी का? आणि धडधडली, तर त्याची भक्ती कच्ची समजायची का? थांबा – लगेच माना हलवू नका! आधी ऐका.

नांदूरखेड्यात शेवंताबाई कासारीण होत्या. तीस वर्षं गावाला बांगड्या भरल्या. मनगट नुसतं हातात घेतलं की माप सांगायच्या! सोमवारी महादेवाला बेल, रोज जपाची माळ. भक्तीत कसूर नाही. आणि एकदा, भर बाजारात, दुकानात बसल्या बसल्या छाती धडधडायला लागली. घशाला कोरड, तळव्यांना घाम, बोटांना मुंग्या. त्यांना वाटलं – संपलं सगळं!

तालुक्याला नेलं. छातीला तारा लावल्या, कागदावर रेघा उमटल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हृदय ठणठणीत आहे. हा चिंतेचा झटका. श्वास भरभर झाला की बोटांना मुंग्या येतात. धोक्याची घंटा खोटी आहे, पण तिचा आवाज खरा आहे. झटका पंधरा-वीस मिनिटांत उतरतो. त्याच्याशी झगडू नका. श्वास हळू सोडा, आणि जवळच्या माणसाला सांगा.”

शेवंताबाई गोळ्या घ्यायला लागल्या, श्वास सोडायला शिकल्या. सांगायचं तेवढं टाळलं! का? बाजारातलं कळल्यावर शेजारीण म्हणाली होती, जप कमी पडतोय. जाऊबाई म्हणाल्या, रिकामपणाचे चोचले. अहो, पाय मोडला तर कुणी जप मोजतं का? प्लास्टर घालतात!

मग दोन वर्षांनी आलं गावातल्या कौमुदीचं लग्न. बारशाला तिच्या इवल्या हातात बांगड्या शेवंताबाईंनीच भरलेल्या. आता हिरवा चुडाही त्यांनीच भरायचा. नाही म्हणवेना. पण आज हात थरथरला तर गावात कुणी पुन्हा मनगट पुढे करणार नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

घर बायकांनी भरलेलं. पहिल्या दोन बांगड्या चढल्या. तिसरीला छातीत धडधड! बोटांना मुंग्या! बोटं आखडली आणि – कट्! आता, असं झालं की आपण काय म्हणतो? बांगडी ‘वाढली’. दुसरा शब्द कुणी काढत नाही. नवरीसमोर तर नाहीच. गावातल्या पोरीसोरींना हे शिकवलं कुणी? याच शेवंताबाईंनी! आणि त्यांच्याच तोंडून निसटलं, “फुटली.”

नवरीच्या आत्याबाई म्हणाल्या, “कासारीणबाई, वय झालं असेल तर सांगावं. दुसरीला बोलावलं असतं.”

मंडळी, पळून जाता आलं असतं. चक्कर आली म्हणता आलं असतं. शेवंताबाईंनी काच बाजूला सारली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा खरं सांगितलं. “वय नाही हो. मला भीतीचा झटका येतो. आत्ता आलाय. थोडा वेळ द्या, उतरेल.”

कौमुदीनं काय करावं? त्यांचे गार पडलेले हात आपल्या मेंदीच्या हातांत घेतले. “मावशी, तुम्हीच आम्हाला दटावता ना, हात आखडला की बांगडी चढत नाही, सैल सोड म्हणून? सोडा सैल. माझ्याही पोटात सकाळपासून गोळा आलाय. बसू दोघी.”

बसल्या! श्वास हळूहळू लांबला. आत्याबाई उठल्या, सगळ्यांना वाटलं, निघाल्या दुसरीला आणायला. त्या तांब्याभर पाणी घेऊन आल्या आणि पुटपुटल्या की विहिरीत डोकावलं की त्यांचंही असंच होतं, म्हणून लग्नापासून त्यांनी पाणी शेंदलेलं नाही. अख्खं घर हसलं. शेवंताबाईसुद्धा!

थरथर पुरती गेली नव्हती बरं का. थरथरत्या हातांनीच चुडा भरला. नवरी पाया पडायला वाकली, तर शेवंताबाईंनी तिला उठवून आधी स्वतः हात जोडले. म्हणाल्या, “दोन वर्षं देवाला म्हणत होते, भीती काढून घे. त्यानं भीती ठेवली आणि तुला पाठवलं. माझी तक्रार नाही.”

म्हणून विचारतो, कच्ची कुणाची भक्ती? घाबरणाऱ्याची, की घाबरलेल्याला जप विचारणाऱ्याची? उद्या तुमच्या घरात कुणाची छाती धडधडली, तर उपदेश नको. डॉक्टरकडे न्या, आणि तोवर एवढंच विचारा – बसू का जवळ? आणि तुमच्याजवळ असं कुणी कधी बसलं असेल, तर आज घरी जाऊन आधी त्या माणसाचे आभार माना. देवाचे उद्या मानलेत तरी चालेल. तो रांगेत थांबतो!