ताब्याच्या खटल्याचा नमुना तास

— नाही, नाही, तो कागद आधी पिशवीत ठेव, मी सही करणार नाही अजून. आधी माझं ऐक. बस नीट. ती खुर्ची नको, डुगडुगते ती — हं, त्या बाकावर. तर माझी कार्यशाळा समितीने याही वर्षी नाकारली, असंच ना? मग स्पष्ट बोल की! कायद्याच्या शिक्षकांच्या संघटनेचा चिटणीस झालास आणि अजून माझ्यासमोर ‘बाई, त्याचं असं झालं’ करतोस, वर्गात उशिरा आल्यासारखा. दरवर्षी मी तोच प्रस्ताव पाठवते आणि दरवर्षी तुमचं तेच उत्तर — विषय चांगला आहे, पण शिक्षकांना त्याचा उपयोग काय? अरे, उपयोग काय म्हणजे? आपण वर्गात खटले शिकवतो. खटल्यात माणसं असतात. ती काही सगळी मेलेली नसतात! कोणी भाजी घेत असतं, कोणी बसची वाट बघत असतं, आणि इकडे आपण त्यांच्या घरातलं भांडण फळ्यावर काढून दोन रकाने करतो — ही याची बाजू, ही तिची बाजू. हे शिकवावं कसं, यावर शिक्षकांनी एक दिवस बसून बोलावं, एवढंच मागितलं मी. मोबाइलवर प्रश्नमंजूषा कशी घ्यावी याला दोन दिवस दिलेत तुम्ही. वर जेवण!

आणि त्याऐवजी हे घेऊन आलास. नमुना तास. माझा. विषय काय, तर मुलाच्या ताब्याचा तो खटला. सगळ्या कॉलेजांतले शिक्षक समोर बसणार, मागे कॅमेरा, आणि मी शिकवून दाखवायचं — का, तर काय म्हणालास मघाशी? परत म्हण. ‘बाई, तो खटला तुमच्याइतका तटस्थपणे कोणीच शिकवत नाही.’ बरं, नाही हसत. पण दुसरा खटला देते ना मी! भाडेकरूचा घे, मृत्युपत्राचा घे, दोन भावांनी एका विहिरीसाठी डोकी फोडली तो घे, छान रंगतो तो. नको? कार्यक्रमपत्रिका छापूनसुद्धा झाली? म्हणजे मला विचारायला आलास ते वरातीमागून घोडं. आणि प्राचार्यांनी होकारही कळवला — कळवणारच, कॉलेजचं नाव होतं, त्यांच्या बापाचं काय जातंय. आता नाही म्हणायचं तर का नाही, ते सांगावं लागेल. तिथंच तर गाडी अडते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तुमच्या वर्गातला तो तास आठवतो तुला? बापाची बाजू तू मांडली होतीस. मीच दिली होती, हुशार पोराला मी नेहमी बापाचीच बाजू देते. का म्हणजे? निकाल तसा लागलाय ना, तो वर्गाला पटायला नको? आणि काय बोललास रे! आई संध्याकाळी वकिलीच्या वर्गाला जाते, परत येते तेव्हा मूल झोपलेलं असतं, बापाच्या घरी आजी आहे, वेळेवर गरम जेवण आहे, अभ्यास घ्यायला माणूस आहे — पोरांनी बाकं वाजवली. मीही टेबल वाजवलं. आणि शेवटी न्यायाधीशांचं ते वाक्य — ‘मातेच्या महत्त्वाकांक्षेची किंमत अजाण बालकाने का मोजावी?’ सगळ्यांना पाठ असतं ते. उत्तरपत्रिकेत चौकट करून लिहितात. मी मार्क देते. द्यावेच लागतात, वाक्य बरोबर उतरवलेलं असतं.

तसं अवघड काही नाही त्यात. एकाच ठिकाणी मी जरा अडखळते. न्यायाधीश मुलाला आपल्या खोलीत बोलावतात आणि विचारतात, बाळ, तू कोणाकडे राहणार? आणि ते पोर काहीच सांगत नाही, उलट विचारतं, मी शाळेत कधी जायचं? वर्ग हसतो तिथं. दरवर्षी हसतो. हसू नका, असं म्हणायचं असतं मला — तो त्या खोलीतून बाहेर आला ना, तेव्हा त्याच्या एका बुटाची नाडी सुटली होती, आणि दाराशी उभ्या दोघांपैकी ती कोणी बांधायची हेच कळेना, दोघंही वाकायला घाबरत होते, शेवटी शिपायाने बांधली, आणि तो —

काय?

हे निकालपत्रात नाही? असेल रे कुठेतरी. तळटिपेत असेल, जुन्या आवृत्तीत असेल. तू काय शब्द न् शब्द वाचलायस? वाचलायस. बरं. असा बघू नकोस माझ्याकडे. फळ्याकडे बघ.

होती कोणीतरी बाई. शिकत होती. हरली. अपिलातही हरली. मग शिक्षण तरी पुरं केलं, आता संध्याकाळी घरी वाट बघणारं कोणी नव्हतंच. पोटापाण्यासाठी शिकवायला लागली. आणि अभ्यासक्रम मंडळाने नेमका तोच खटला लावला, तेव्हा नको म्हणायला कारण मागितलं असतं त्यांनीही, तुझ्यासारखंच. म्हणून शिकवते. दोन्ही बाजू अगदी सारख्या. एकीकडे जराशी जरी कलले तर मला थांबता येणार नाही, बाळा, म्हणून तटस्थ. तुम्हाला तो माझा गुण वाटला.

कार्यशाळा त्यासाठी मागत होते. एका खोलीत आपलेच लोक असतील, त्यातलं कोणीतरी सांगेल की असं असलं तर शिकवायचं कसं. मला नाही सुचत रे. इतकी वर्षं झाली, नाही सुचलं.

ए, खबरदार! समितीपुढे यातलं अक्षर काढायचं नाही, माझी शपथ आहे तुला. कीव करून मिळालेली कार्यशाळा मला नको. आण तो कागद. इथेच ना? हं. ही घे सही. शिकवीन. चांगला शिकवीन, काळजी करू नकोस, टाळ्या पडतील.

अं? मुलाचं? मुलाचं पुढे काय झालं ते नाही निकालपत्रात. पुढचं छापत नाहीत.

परवा लग्न झालं त्याचं. फोनवर कोणाकोणाचे फोटो बघत होते, त्यात दिसला. उंच झालाय खूप. बायको वकील आहे म्हणे. — जा तू आता, माझा तास आहे.