‘रीकन्सिडर’ म्हणाले डॉक्टर

—नाही हो, ‘विचार करा’ नाही म्हणाले, ‘रीकन्सिडर’ म्हणाले, आणि तिथंच मी घाबरले. बसा ना, तुमचा नंबर यायला वेळ आहे अजून. मी काल नको म्हटलं होतं. ऑब्री, माझे मिस्टर, आत आहेत, बेशुद्ध. मेंदूतली रक्तवाहिनी फुटलीय, डोकं उघडावं लागेल म्हणतात. मी म्हटलं, नको. आणि आज सकाळी हा तरुण डॉक्टर येतो, किती हळू आवाजात, ‘मिसेस पेनरोझ, वुड यू रीकन्सिडर?’ आता तुम्ही म्हणाल, यात घाबरण्यासारखं काय? अहो, मी इथं ऑक्सफर्डमध्ये शब्दकोशाच्या कचेरीत जन्म घालवला, या शब्दाची नोंद मीच लिहिलीय! पूर्वी साधा अर्थ होता, परत एकदा नीट बघणं—मूळ लॅटिन शब्द ताऱ्यांवरून आला म्हणायचे, आकाश निरखण्यावरून, खरं-खोटं देव जाणे. मग सभागृहांत शिरला, मंजूर झालेला ठराव पुन्हा चर्चेला घ्यायचा म्हणून. आणि मग हळूहळू अर्थ फिरलाच की हो! आता कुणी रीकन्सिडर करा म्हटलं, की त्याला विचार नको असतो, तुमचं उत्तर बदलून हवं असतं. ऑब्रीला मी आधी लग्नाला नकार दिला होता, तेव्हा तो हेच म्हणाला होता, टोपी हातात धरून—आणि मी बदललं उत्तर.

म्हणजे डॉक्टरांना काहीतरी कळलंय, हो ना? मी चुकले, हे त्यांना दिसतंय! काय म्हणालात—ऑब्रीचीच इच्छा होती का? हो, तोच म्हणायचा, माझ्या डोक्याला कुणाला हात लावू देऊ नकोस... म्हणजे, म्हणायचा... न्हाव्याबद्दल म्हणायचा. चेष्टेत. तुम्ही असं बघू नका. डॉक्टर म्हणाले, वाचला तरी बोलता येईलच असं नाही. आमचं सगळं घर बोलण्यावर चाललंय हो, जेवताना एकेका शब्दावरून भांडतो आम्ही—आणि तो नुसता बघत बसला तर? मला भीती वाटली. त्याच्यासाठी नाही. माझ्यासाठीच, म्हणून नको म्हटलं.

आले. डॉक्टर, डॉक्टर, एक मिनिट! सकाळी तुम्ही जे विचारलंत, ते कशासाठी? निर्णय बदला म्हणून, की नुसतं... काय? नको म्हणणाऱ्या सगळ्यांनाच विचारता? पद्धत आहे? म्हणजे तुमच्या मनात काहीच नव्हतं—दोन्हीकडे सारखाच धोका—अरे देवा, मग हे सगळं माझ्यावरच आहे की!

करा. ऑपरेशन करा. बोलला नाही तर मी बोलेन त्याच्याशी. सही कुठं करू? इथं? झाली... आणि तुम्ही, बाकावरचे, तुम्ही उठा इथून. मगाशी मी काय बोलले ते विसरून जा. जा म्हटलं ना!