झोळीकड्याचा मशालजी

ऐका. भात राखायला खळ्यावर बसलोच आहोत, तर ऐका. सुदाम, तो मोबाइल खाली ठेव. गोष्ट त्याच्यात नाही, माझ्या तोंडात आहे.

तर अंधार पडला होता. गुडुप अंधार. आणि असल्या अंधारात सावळगडाच्या पठारावरून पाच माणसं झोळीकडा उतरायला निघाली. घरी कुणी आजारी म्हणून नाही, सांगावा आला म्हणून नाही. हौस म्हणून! आणि हौसेचा पुढारी कोण? तर वरच्या आळीतला जालिंदर शेलार.

हा जालिंदर पुण्याला चपलांच्या दुकानात होता. तिथनं परत आला तो डोक्यावर टोपी आणि गळ्यात शिट्टी घालून. म्हणाला, मी आता गाइड झालो. शहरातली माणसं गडावरून रानातनं चालवत आणायची, मुक्काम करत करत, ते थेट आपल्या तळकुंभ्यात उतरवायची. त्यांना जुन्या लढाईची वाट दाखवायची. दाखव बाबा. ज्याला स्वतःच्या म्हशी रानातून धड घरी आणता आल्या नाहीत, तो माणसं आणणार.

आता लढाईची वाट म्हणजे कसली, ते आधी सांगते. मी सासऱ्यांकडनं ऐकलं, त्यांनी त्यांच्या म्हाताऱ्यांकडनं. फार मागं गोऱ्यांच्या तोफांनी सावळगड पडला. गडावर जखमी पडलेले. कुणाचा पाय गेलेला, कुणाच्या पोटाला फडकं आवळलेलं. त्यांना तसंच टाकून कसं यायचं? म्हणून घोंगड्यांच्या झोळ्या केल्या, बांबूला बांधल्या, आणि रानातून खाली कोकणात उतरवायचं ठरलं. दिवसा गोरे बघतील, म्हणून रात्री. झोळीवाल्यांचे हात बांबूला, मग उजेड कोण धरणार? पुढं एक मशालजी दिला. त्याला तलवार चालवायची नव्हती. ओझं उचलायचं नव्हतं. उजेड धरायचा, बस्स.

तेवढंही मेल्याला झालं नाही.

कड्याच्या तोंडाशी आले आणि मागं कुठंतरी बंदूक वाजली. मागं, बरं का, लांब. आणि हा मशाल घेऊन पळाला. टाकून पळाला असता तरी दुसऱ्या कुणी उचलली असती. घेऊन पळाला! झोळीवाले बिचारे उजेड पुढं चाललाय म्हणून त्याच्या मागं चालत राहिले. हा वळणावरून आडवा गेला, ते सरळ गेले. सरळ म्हणजे कुठं? कड्यावरून खाली. झोळ्यांसकट. म्हणून तो झोळीकडा.

पुढं तो रानात कशानं मेला कुणास ठाऊक. तापानं म्हणा, भुकेनं म्हणा. लढून नाही, एवढं नक्की. मेला आणि भूत झाला. भूत तरी कसलं! खवीस असतो, त्याचा दरारा असतो. मुंज्या असतो, त्याच्यापायी पिंपळाला मान असतो. हे आपलं करवंदीच्या जाळीत मिणमिणणारं चिपाड. आमच्या सासूबाई मोळी घेऊन येताना तो दिसला तर नुसत्या थुंकायच्या, की हा विझला.

आता जालिंदरला अडचण पडली. पळपुट्याच्या वाटेवर हौसेनं चालायला कोण येणार? म्हणून त्यानं काय केलं, त्या पळपुट्यालाच वीर केला! त्याला नावही दिलं, मशालवीर धारोजी. म्हणे त्यानं गोळ्या झेलत रात्रभर मशाल धरली, एकूण एक जखमी खाली उतरवला आणि मग प्राण सोडला. पठारावर एक धोंडा उभा केला, त्याला शेंदूर लावला, हार घातला. येणाऱ्याजाणाऱ्याला तिथं मुजरा करायला लावायचा.

आणि ते त्या मेल्यानं ऐकलं. ज्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या लोक थुंकत आले, त्यानं आपलं कौतुक ऐकलं. मग काय होणार?

त्या खेपेला चार माणसं होती. एक नाशिकचं जोडपं. एक कॅमेरावाला. आणि फलटणकडची एक बाई, कुसुम रणपिसे, साठीच्या आतबाहेरची. तिचा नवरा फौजेत होता. बर्फात त्याचा पाय गेला, आणि दोघा सोबत्यांनी त्याला आळीपाळीनं पाठीवर घेऊन खाली आणला, म्हणून तो जगला. जखमींना उचलून आणणाऱ्यांची वाट आहे असं तिनं कुठंतरी ऐकलं. नवऱ्याला चालवत नाही, तर त्याच्या वतीनं आपण चालून यावं, म्हणून आली होती.

पहिल्या मुक्कामाला गडावर जालिंदरनं शेकोटीपाशी धारोजीची गोष्ट सांगितली. तेव्हा समोरच्या उतारावर एक उजेड दिसला. कॅमेरावाल्यानं विचारलं, तर हा म्हणतो, फॉरेस्टचा गार्ड असेल. दुसऱ्या मुक्कामाला रानात, ओढ्याकाठी, हा परत तीच गोष्ट सांगत होता. सांगता सांगता अडला. खोटं ते, किती लक्षात राहणार? तर पाठीमागच्या काळोखातनं कुणीतरी हळूच पुढचं वाक्य सांगितलं. ‘आणि मग वारा सुटला.’ जालिंदरनं ते उचललं आणि पुढं चालू पडला. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. कुसुमताईनं मात्र माणसं मोजली. सगळी तिच्या समोरच बसली होती. त्या रात्री तिला झोप लागली नाही.

आणि शेवटच्या दिवशी, दिवसा उजेडी उतरायचं सोडून, हा म्हणाला, आपण धारोजीसारखं रात्री उतरू. कुसुमताई नको म्हणाली. बाकीच्यांना भारी वाटलं. निघाले.

थोडं उतरले असतील नसतील, डोक्याला बांधलेल्या बॅटऱ्या एकेक करून विझल्या. नव्या होत्या, तरी विझल्या. आणि पुढं, वळणापाशी, मशाल पेटलेली. कुणीतरी पाठमोरं धरून उभं. म्हणालं, या, वाट इकडं आहे.

जालिंदर काय म्हणाला असेल? घाबरला? छे! म्हणाला, हा माझाच माणूस, मीच ठेवलाय, तुम्हाला मजा यावी म्हणून. बघा, भुताचंही श्रेय घेणारा माणूस. आणि निघाली सगळी त्या उजेडामागं.

चालता चालता कुसुमताईच्या ध्यानात आलं, मशाल जळतेय पण तेलाचा वास नाही. धूर नाही. एवढ्या उजेडावर एक पाखरू नाही. तिनं जालिंदरला थांबायला सांगितलं. तो थांबला नाही. पायवाट सुटली. पायाखाली नुसतं वाळलेलं गवत आणि समोर वारा.

उजेड थांबला आणि म्हणाला, “सांग.”

जालिंदरनं गोष्ट सुरू केली. आणि बाबांनो, ती थांबेना! त्याला थांबायचं होतं, पण जीभ थांबेना. ओठ सुकले, घसा बसला, तरी बोलतोच आहे. धारोजीनं शंभर माणसं उतरवली. हजार उतरवली. हात तुटला तेव्हा मशाल दातांत धरली. जसजसं कौतुक वाढेल तसतसा उजेड मोठा होतोय, आणि थोडा थोडा मागं सरतोय. आणि ऐकणारी माणसं, खुळ्यासारखी, पाऊल पाऊल पुढं. जोडपं तर टाळ्या वाजवतंय. आता त्या मशालीवाल्याचं तोंडही दिसायला लागलं होतं. गोल, गुबगुबीत. कौतुकानं फुगलेलं तोंड.

कुसुमताईचा पायही उचलला होता. पण तिला खालनं आवाज आला. कण्हण्याचा. नवरा झोपेत कण्हतो ते तिनं जन्मभर ऐकलेलं, तिला तो आवाज कुणी ओळखायला शिकवावा लागत नव्हता. खोल दरीतनं कुणीतरी म्हणत होतं, उजेड दाखव रे. अरे, उजेड दाखव.

ती जागच्या जागी थांबली आणि त्या मशालीवाल्याला म्हणाली, “सगळे उतरवलेस, तर खाली कोण कण्हतंय?”

जालिंदरची जीभ थांबली. एकदम.

मग ती म्हणाली, “तू ज्यांना उतरवलंस, त्यातल्या एकाचं नाव सांग.”

ते भूत म्हणालं, “पुष्कळ होते.”

“एक सांग.”

“रात्र होती.”

“माझ्या नवऱ्याला आणलं तेव्हाही रात्रच होती,” ती म्हणाली. “आणणारे अजून घरी येतात. त्याला कुठल्या दगडापाशी पाणी पाजलं, तेसुद्धा सांगतात.”

उजेड कमी व्हायला लागला. ते फुगलेलं तोंड बसायला लागलं, सुकल्या भोपळ्यासारखं. आणि मग ते रडक्या आवाजात म्हणालं, “मला भीती वाटली.”

आता तुम्ही म्हणाल, दया आली असेल तिला. नाही आली. ती म्हणाली, “भीती त्यांना वाटली असेल. ते झोळीत होते.”

आणि तो पळाला! ऐकताय ना? मशाल घेऊन परत पळाला, तस्साच, आडवा, वळणावरून. मरून इतकी वर्षं झाली तरी मेल्याला दुसरं काही सुचलं नाही.

पण उजेड निघाला की माणसाचे पाय आपोआप निघतात. कॅमेरावाला निघाला. कुसुमताईनं अंधारात झडप घालून त्याच्या पाठीवरच्या पिशवीचा पट्टा धरला. त्याच्या पायाखालचा धोंडा सुटला. गेला. किती वेळ खाली आपटल्याचा आवाजच आला नाही. आला तेव्हा इतका बारीक आला, की त्या नाशिकच्या बाईनं मटकन बसकण मारली. मग कुसुमताईनं सगळ्यांना होते तिथंच खाली बसवलं, एकमेकांचे हात धरायला लावले, आणि सकाळपर्यंत कुणाला उठू दिलं नाही.

उजाडल्यावर त्यांनी बघितलं. जोडप्याचे पाय कड्यावरून बाहेर लोंबत होते.

उतरून ती सगळी माझ्याच ओट्यावर आली. चहा केला. पहिल्या कपाला जालिंदर थरथरत होता. दुसऱ्या कपाला म्हणायला लागला, की मला आधीच ओळखू आलं होतं, मीच सगळ्यांना बसवलं. तो कॅमेरावाला उठून लांब जाऊन बसला. जालिंदर आता पुन्हा पुण्याला आहे, चपला विकतो. विकू दे. त्यानं कुणी मरत नाही.

कुसुमताईला मात्र कड्याखाली जायचं होतं. मी नेलं तिला, दरीत, भर दुपारी. तिथं नुसते धोंडे, आणि आवाज कसला नाही. तिनं आपली पाण्याची बाटली उघडली आणि थोडं थोडं पाणी ओतत सगळ्या दरीभर फिरली, आजारी माणसाच्या तोंडात घालावं तसं. बाटली संपली तर माझ्याकडं कळशी मागितली. मी ओढ्यावरनं भरून आणून दिली. मग दोघी उगाच बसून राहिलो.

म्हणून सांगते. त्या खालच्या जखमींना भिऊ नका. ते कुणाच्या वाटेला जात नाहीत. वाटलं तर दिवसा जा, पाणी ठेवा, या. पण कड्यावरची ती वाट धरू नका. कुणी शिट्टीवाला बोलावू दे, कितीही मजा सांगू दे. आणि कधी रानात रात्र झालीच, आणि पुढं उजेड दिसला, आणि त्यानं विचारलं की लोक माझ्याबद्दल काय म्हणतात, तर खोटं बोलू नका. त्याची भीड धरू नका. पळालास म्हणावं, आणि खाली बसून राहावं. तो परत पळेल. पळण्यात त्याचा हात कुणी धरत नाही.