शलाकानं डंप व्हॉल्व्ह उतरवला

मंडळी, आज एकच सवाल! ज्यानं आपल्यावर उपकार केले, त्याचं सगळंच ऐकायचं का? पुढचे काका मान डोलावतायत — होकार आहे की डुलकी, ते काही कळंना!

मघाशी कमिटीतले एक गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, बुवा, आज देवादिकांचं सांगा, गाड्यांचं नको. मी म्हटलं, गाडीचंच सांगणार! अहो, चिपळ्या हातात धरायच्या आधी बारा वर्षं एसटीच्या वर्कशॉपात काढलीत मी. देवळात पेट्रोलचं नाव काढल्यानं देव बाटत नाही. ज्याला बाटतो असं वाटतं, त्यानं खुशाल बाहेर चपला राखत बसावं.

तर ऐका. शलाका भोईटे नावाची एक मुलगी. बापाला सगळे तात्या म्हणायचे. पोरीला वेड एकच — करंजखिंडीची शर्यत! घाटाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत गाडी एकटीनं पळवायची, कमी वेळात पोचेल तो जिंकला. आजवर तालुक्यातली एकही बाई त्यात उतरली नव्हती. हिची गाडी होती, हिंमत होती. टायर मात्र पार गुळगुळीत!

तिथं उपकार केला हिंदुराव फाळक्यांनी. गाड्या सजवायचं मोठं दुकान त्यांचं. चार कोरे टायर दिले, दुकानात नेऊन बसवूनही दिले. आणि बसवता बसवता, न विचारता, बॉनेटखाली आणखी एक वस्तू बसवली — डंप व्हॉल्व्ह! वर दुकानाचं नाव कोरलेलं.

आता आजीबाई विचारतील, हे काय असतं? सांगतो ना! टर्बोची गाडी म्हणजे आत एक पंखा असतो, तो इंजिनात हवा कोंबतो. त्यानं जोर वाढतो. पण वळणावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की आतलं दार बंद! कोंडलेली हवा जाणार कुठं? उलटी फिरून पंख्यालाच थडकते. म्हणून तिला वाट द्यायची झडप. तिच्या दोन जाती. एक हवा नळीनं परत पंख्याच्या मागं नेऊन सोडते — गुपचूप. दुसरी उघड्यावर फेकते. तिचा आवाज कसा येतो रे पोरांनो? हां — फुस्सऽऽ! बघा, अभंगाला तोंड उघडत नव्हते, याला सगळे एका सुरात!

हिंदुरावांनी बसवला तो फुस्सवाला. गावातली पोरं खूश! दर चौकात म्हणायची, ताई, एकदा वाजव.

शर्यतीच्या आदल्या दिवशी शलाका सरावाला घाट चढली. तिसरं वळण, अगदी अंगावर येणारं. तिनं पाय उचलला — फुस्स — आणि इंजिन बंद! चढावर, वळणात! स्टिअरिंग जड झालं, ब्रेकचं पेडल घट्ट. गाडी मागं घसरायला लागली, मागं कठडा, कठड्यापलीकडं दरी. हँडब्रेक ओढला म्हणून वाचली पोरगी.

का झालं असं? तिच्या गाडीचा कॉम्प्युटर आत येणारी हवा मोजतो आणि त्या हिशोबानं पेट्रोल टाकतो. म्हणजे वीस पानं मोजली, तेवढा भात रांधला, आणि निम्मे पाहुणे मागच्या दारानं निघून गेले! मोजलेली हवा उघड्यावर गेली, पेट्रोल तेवढंच पडलं, इंजिन गुदमरलं. हिंदुरावांच्या मनात खोट नव्हती बरं का. त्यांच्या स्वतःच्या गाडीवर तोच व्हॉल्व्ह होता आणि झकास चालत होता. तिची मोजायची रीत वेगळी! व्हॉल्व्ह वाईट नव्हता, या इंजिनाचा नव्हता.

शलाकानं तात्यांना सांगितलं, मी हा काढणार. तात्या कळवळले. अगं, त्या माणसानं टायर दिलेत, चारचौघांत त्याचा अपमान करू नकोस, वळणावर जरा जपून घे. मंडळी, जपून घे! आपल्याकडं पोरींना दुसरं सांगतो काय आपण?

शर्यतीच्या सकाळी, सगळ्यांच्या देखत, तिनं तो व्हॉल्व्ह उतरवला आणि कंपनीचा जुना, मुका व्हॉल्व्ह परत चढवला. हिंदुराव लाल झाले. म्हणाले, माझं नाव नको, मग माझे टायर कशाला हवेत?

शलाका म्हणाली, "बरोबर आहे अण्णा. तेही उतरवते."

आणि उतरवले! चारी! जुने गुळगुळीत टायर लावून पोरगी निघाली. लोक हसले. गाडी मुकी झाली म्हणाले. तिसरं वळण आलं, पाय उचलला, मागची चाकं फरफटली — पण इंजिन जिवंत! पाय दाबला, गाडी उसळली, गेली वर!

पहिली आली? नाही. चौथी आली. पडली ना तोंडं? तुम्हाला न्याय नको असतो, तुम्हाला कप हवा असतो!

खाली आल्यावर हिंदुराव हार घेऊन पुढं. माणूस दिलदार, राग गिळून आला होता. म्हणाला, माझ्या टायरवर पहिली आली असतीस. पुढच्या वर्षी परत देतो. शर्यतीत लावू नकोस व्हॉल्व्ह, फक्त दुकानाच्या जाहिरातीच्या फोटोपुरता बसव. बंद गाडीवर. तात्यांचे डोळे चमकले. खरं सांगा, तुम्ही काय केलं असतं? मी तर बसवला असता!

शलाकानं हार घेतला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "अण्णा, माझा फोटो बघून दुसरी एखादी पोरगी तिच्या गाडीला हाच बसवेल. तिसऱ्या वळणावर तिला धरायला मी नसणार."

आणि तात्या उठले. एकेक करून चारी टायर त्यांनी स्वतः हिंदुरावांच्या जीपमध्ये ठेवले, हात जोडले आणि म्हणाले, "उपकार विसरणार नाही. पण पोरगी म्हणते तेच खरं."

मंडळी, आता तुमच्याकडं वळतो. फी भरली म्हणून पुतणीचं लग्न ठरवणारे काका या सभेत आहेत. नोकरी लावली म्हणून जन्मभर होयबा हवा असणारेही आहेत. त्यांच्यापुढं वाकणारे तर सगळेच आहोत! वाका, खुशाल वाका, पायावर डोकं ठेवा. पण तुमच्या इंजिनाला जे चालत नाही, ते कुणाच्याही भिडेपोटी बसवून घेऊ नका. पायावरून डोकं उचला आणि त्यांच्या डोळ्यांत बघून "नाही" म्हणा. आत्ता, माझ्यापाठोपाठ, मोठ्यानं म्हणा. देव ऐकतोय, आणि पुढच्या रांगेतले ते काकाही ऐकतायत!