पाचवा उंदीर

शिवा : हा कितवा उंदीर?

सर्वेश : चौथा.

शिवा : आणि शेपूट?

गोदूबाई : माझ्या ओटीत हाय. आधीच्या तिघांची घरी डब्यात ठेवलीत.

शिवा : कुठं तुटलं?

सर्वेश : तुझ्या टायरच्या दुकानासमोर. गतिरोधकावर.

शिवा : काकी, हे उंदीर देतंय कोण?

गोदूबाई : लवू मूर्तीवाला. आमचा पाट त्याच्याकडे देऊन महिना झाला, त्यावर गणपती रंगून तयार हाय. पण तो म्हणतो, सर्वेशची गाडी जमिनीला टेकलीय. आधी कच्च्या मातीचा उंदीर शेपटीसकट घरी ने, मग मूर्ती देतो. नायतर शेजारच्या गौरवच्या रिक्षातून पाठवतो.

सर्वेश : पाच वर्षं गौरवच आणतोय. चतुर्थीला मी कायम बोटीवर. बाबा गेल्यापासून पाट एकदाही माझ्या हातात आला नाही, शिवा. या वर्षी रजा मिळालीय, आणि हा उंदीर आडवा येतोय.

शिवा : उंदीर कशाला, गाडी आडवी येतेय. खाली कशाला बसवलीस?

सर्वेश : लुक येतो.

गोदूबाई : मी मागं बसते. मला तो दिसत नाय, कंबरेला कळतो.

सर्वेश : आई, थांब जरा. शिवा, हवा कमी केली तर?

शिवा : पहिल्या खड्ड्यात रिंग वाकेल. इकडं ये. ही रिंग सतराची. वर रबर किती, हात लावून बघ.

सर्वेश : चार बोटं.

शिवा : चार बोटांच्या गादीवर गणपती आणणार तू. दणका रबरानं खायचा असतो, इथं रबरच नाय.

सर्वेश : मग मोठा टायर टाक.

शिवा : गाडी बसवलीयस. मोठं चाक वर मडगार्डला घासेल. पंधराची रिंग घे, त्यावर एकशे पंच्याण्णव पंचावन्नचा टायर. चाक बाहेरून तेवढंच, रिंग बारीक, रबर बोटभर जास्त.

सर्वेश : पंधराच्या रिंगा म्हाताऱ्या माणसाच्या गाडीला असतात.

गोदूबाई : मागं कोण बसलंय मग?

शिवा : बोल, काय करू?

सर्वेश : घाल. पण उंदीर तर संपले.

गोदूबाई : पाचवा पिशवीत हाय. लवूनं दोन दिलेन. त्याला अंदाज होता.

(दीड तासानं. नवे टायर लावून गाडी निवळी गावापर्यंत जाऊन परत आली आहे.)

शिवा : शेपूट?

गोदूबाई : जागेवर.

सर्वेश : नीट बघ, आई.

गोदूबाई : चष्मा लावून बघितलंय. कानसुद्धा हायत.

सर्वेश : म्हणजे उद्या पाट मीच उचलणार. खूप बरं वाटतंय, शिवा.

शिवा : सतराच्या रिंगांचं काय करू?

सर्वेश : इथंच ठेव. विसर्जन झालं की परत चढवू.

गोदूबाई : विसर्जन झालं की तू बोटीवर जाशील.

सर्वेश : मग?

गोदूबाई : गौरव मला दर पंधरा दिवसांनी मणक्याच्या डॉक्टरकडे नेतो. याच गाडीतून. येताना मी आडवी पडून येते.

सर्वेश : शिवा, त्या रिंगा विकून टाक. आई, एवढं होत होतं तर आधी बोलली का नाहीस?

गोदूबाई : बोलले रे. पण मोडलेलं दाखवायला मला शेपूट कुठं हाय.